आकृतीला गती देणारे चित्रकार

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर उमटणारी व सरकत जाणारी अक्षरे, संगीताच्या लयीवर उलगडणाऱ्या भौमितिक आकृती आणि एखाद्या पात्राच्या स्वप्नात दिसणारी अशक्यप्राय दृश्ये या सर्वांना आज ‘मोशन ग्राफिक्स’ या एकाच नावाखाली गणले जाते, आणि ही कला संगणकाबरोबर जन्मली असा सर्वसाधारण समज आहे. कालक्रम पाहता हा समज टिकत नाही. संगणकावर काम करणारा आजचा कलावंत ज्या कल्पना सहज हाताळतो, त्यांपैकी बहुतेक कल्पना १९२० ते १९७० या अर्धशतकात चित्रकारांनी मेण, काच, तैलरंग, सुईने टोचलेले कागद आणि युद्धानंतर भंगारात निघालेली यंत्रे यांच्या साहाय्याने सिद्ध केल्या होत्या. या कलेच्या इतिहासात गतीची ओढ आधी निर्माण झाली आणि तिला साजेसे यंत्र नंतर मिळाले. अनेकदा तर ते यंत्र मुळात निराळ्याच कामासाठी बनवलेले होते.

या ओढीचा पहिला ठळक आविष्कार पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत झाला. चित्रकलेतून वस्तूंचे अनुकरण हद्दपार करून रेषा, रंग आणि आकार यांनाच विषय मानणारी अमूर्त चित्रकला तोवर रुजली होती, परंतु संगीतात जो कालाचा प्रवाह असतो तो कॅनव्हासवर आणता येत नाही, ही खंत अनेक चित्रकारांना जाणवत होती. वाल्टर रुटमान या चित्रकाराने १९२१ मध्ये ‘लिश्टश्पील ओपुस १’ हा लघुपट प्रदर्शित केला, ज्यात काचेवर रंगवलेले आकार फुगतात, आकसतात आणि एकमेकांवर चालून जातात. स्वीडिश चित्रकार विकिंग एगेलिंग आधी लांबच लांब कागदी पट्ट्यांवर आकृतींचे क्रमाक्रमाने होणारे रूपांतर रेखाटत असे. तीच पद्धत त्याने १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘डायगोनल सिंफनी’ या मूकपटात वापरली. चित्रफितीवर गती निर्माण करायची तर प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे रंगवून, किंवा आकृती किंचित हलवून, तिचे एकेक छायाचित्र घ्यावे लागते, आणि बोलपटांच्या काळात स्थिरावलेल्या वेगानुसार एका सेकंदासाठी अशा २४ चौकटी लागतात. अवघ्या काही मिनिटांच्या चित्रपटामागे हजारो रेखाटने आणि कित्येक महिन्यांची बैठक असे, ती या हिशेबामुळे.

हा हिशेब सोपा करण्याचा सर्वांत कल्पक प्रयत्न ऑस्कर फिशिंगर याने केला. १९०० मध्ये जन्मलेला फिशिंगर तांत्रिक आरेखनाचे शिक्षण घेतलेला असल्यामुळे यंत्र जुळवणे त्याला सहज जमत असे. वेगवेगळ्या रंगांचे मेण आणि माती एकत्र साच्यात घालून त्याने ठोकळा तयार केला, तो ठोकळा पातळ पात्याने आडवा कापत नेणारे यंत्र बनवले, आणि कॅमेऱ्याची झडप त्या पात्याशी जोडून टाकली. प्रत्येक कापाबरोबर ठोकळ्याचा आतला नवा छेद उघडा पडे आणि त्याच क्षणी त्याचे छायाचित्र निघे. मेणाच्या आत तिरक्या बसवलेल्या एखाद्या कांडीचा छेद प्रत्येक कापाला थोडा बाजूला सरकत असल्यामुळे पडद्यावर तो ठिपका चालू लागे. म्हणजेच गती ठोकळ्याच्या खोलीत आधीच साठवलेली असे आणि कापताना ती कालात उलगडत जाई. त्रिमितीय वस्तूचे एकामागून एक छेद घेऊन चित्र उभे करण्याची ही कल्पना पुढे संगणकीय चित्रणात फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, यावरून फिशिंगरच्या विचाराची झेप लक्षात येते.

नाझी राजवटीत अमूर्त कलेला जागा उरली नाही, तेव्हा १९३६ मध्ये फिशिंगर हॉलिवुडला गेला. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटातील बाखच्या संगीतावर आधारलेल्या भागासाठी त्याने आकृतींचे आराखडे केले, परंतु स्टुडिओने ते अधिक वस्तुनिष्ठ आणि सोपे करून टाकल्यामुळे १९३९ मध्ये त्याने ते काम सोडले. त्याने एकट्याने केलेला ‘मोशन पेंटिंग नंबर १’ हा १९४७ चा लघुपट त्याची खरी भूमिका सांगतो. पारदर्शक प्लेक्सिग्लासवर तैलरंगाचा एक फटकारा मारायचा, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा फटकारा आणि पुन्हा छायाचित्र, अशा रीतीने त्याने सुमारे ११ मिनिटांचा चित्रपट पूर्ण केला. एरवी चित्रकार जी वाट पुसून टाकतो ती, म्हणजे चित्र घडत जाण्याची प्रक्रिया, येथे स्वतःच कलाकृती ठरते. रंगांची वर्तुळे वेटोळी घेत पसरतात, त्यांच्यावर चौकोनांचे थर चढतात आणि आधीचे चित्र नव्या चित्राखाली गाडले जाते. प्रेक्षकाला मात्र ते गाडले जाताना पाहता येते.

अमूर्त चित्रकारांचा हा प्रवाह जर्मनीत वाहत असताना पॅरिसमध्ये दुसरा प्रवाह उगम पावत होता. आंद्रे ब्रतों याने १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. तर्काचा पहारा उठवून स्वप्न आणि अबोध मन यांना थेट व्यक्त होऊ देणे हे या चळवळीचे सूत्र होते, आणि त्यामागे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा प्रभाव उघड होता. या वर्तुळाच्या जवळ वावरणाऱ्या मार्सेल द्युशाँ याने १९२६ मध्ये ‘अनेमिक सिनेमा’ हा लघुपट केला. त्यात फिरत्या तबकड्यांवरील सर्पिल रेषा खोल विवरासारख्या आत ओढल्या जातात किंवा फुगवट्यासारख्या बाहेर येतात, आणि अधूनमधून त्याच तबकड्यांवर शब्द गोल गोल फिरत वाचले जातात. फिरणारी आकृती आणि फिरणारी अक्षरे हे मोशन ग्राफिक्सचे दोन आधारस्तंभ या छोट्याशा कृतीत शेजारी शेजारी दिसतात.

साल्वादोर दाली आणि लुई बुन्युएल यांनी १९२९ मध्ये केलेल्या ‘अँ शिएँ आंदालू’ या चित्रपटाने अतिवास्तववादाला पडद्यावर नाव मिळवून दिले. चंद्रावरून सरकणारा ढगाचा पातळ पट्टा आणि लगेच डोळ्यावरून फिरणारा वस्तरा ही त्यातील दृश्यांची जोडी प्रसिद्ध आहे. येथे मांडणीचा आधार आकाराच्या साम्याचा आहे. गोल चंद्र व गोल डोळा, आडवा ढग व आडवे पाते एवढ्या साम्यावर एक दृश्य दुसऱ्यात रूपांतरित होते. कथेचा कार्यकारणभाव बाजूला ठेवून आकाराच्या नात्यावर पुढे सरकणे हीच पुढील काळात शीर्षकदृश्यांची भाषा झाली.

दाली आणि व्यावसायिक चित्रपट यांची गाठ १९४५ मध्ये ‘स्पेलबाउंड’च्या निमित्ताने पडली. मनोविश्लेषणावर बेतलेल्या या चित्रपटातील स्वप्नदृश्यासाठी दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने दालीची निवड केली, त्यामागे निश्चित कारण होते. तोवरच्या चित्रपटांत स्वप्न म्हटले की दृश्य धूसर करण्याची प्रथा होती. हिचकॉकला मात्र दालीच्या चित्रांतील टोकदार रेषा, लांबलचक सावल्या आणि अनंत अंतरापर्यंतची स्पष्टता हवी होती, कारण स्वप्न पाहणाऱ्याला ते सत्याहूनही लख्ख दिसते. डोळे रंगवलेले पडदे भल्यामोठ्या कात्रीने कापणारा माणूस, कोरे पत्ते, उतरत्या छपराच्या कडेला उभी असलेली आकृती आणि चेहरा नसलेल्या माणसाच्या हातातील वाकडेतिकडे चाक ही त्या दृश्याची सामग्री आहे. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने कात्री लावल्यानंतर हा भाग जेमतेम दोन-तीन मिनिटांचा उरला. त्यात एक मूलभूत अडचणही उघडी पडली. दालीची चित्रे पार्श्वभूमी म्हणून उभी राहिली आणि गती मात्र त्यांच्यापुढे वावरणाऱ्या नटांकडेच राहिली. चित्राने स्वतः हलावे ही अपेक्षा तेथे पुरी झाली नाही.

ती पुरी करण्यासाठी दालीने त्याच सुमारास डिस्नेच्या स्टुडिओत ‘देस्तिनो’ या लघुपटाचे काम हाती घेतले. स्टुडिओतील चित्रकार जॉन हेंच याच्यासमवेत त्याने सुमारे आठ महिने रेखाटने आणि चित्रे केली. कालदेवता आणि मर्त्य स्त्री यांच्या प्रेमाच्या धाग्यावर वस्तू सतत एकमेकींत विरघळत जाव्यात अशी ती योजना होती. महायुद्धानंतर स्टुडिओची आर्थिक स्थिती बिकट झाल्याने १९४६ मध्ये काम थांबले, आणि मागे उरली ती रेखाटनांची थप्पी व सतरा-अठरा सेकंदांची चाचणीफीत. दोन कासवांच्या पाठीवरील विद्रूप चेहरे एकमेकांजवळ येतात आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून नर्तिकेची आकृती घडते, असे त्या फितीत दिसते. भरीव वस्तूंपेक्षा त्यांच्यामधील पोकळीने अर्थ धारण करावा, ही दालीच्या कॅनव्हासवरील दुहेरी प्रतिमांची क्लृप्ती येथे प्रथमच कालात उलगडली.

चित्रपटाच्या नामावलीला कलेचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय सॉल बास या अमेरिकन आरेखनकाराकडे जाते. तोवर नावांच्या पाट्या हा केवळ उपचार असे आणि अनेक चित्रपटगृहांत त्या संपल्यावरच रंगमंचाचा पडदा उघडला जाई. १९५५ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या व्यसनाधीनतेवरील चित्रपटासाठी बासने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकवल्या, त्यांची जुळणी आणि मोडतोड होत होत शेवटी त्यांतून एक पिळवटलेला हात तयार झाला. या चित्रपटाच्या फितींच्या डब्यांवर, नावे सुरू होण्यापूर्वीच पडदा उघडावा, अशी सूचना चिकटवण्यात आली होती. नामावलीतूनच चित्रपटाची मनोभूमी तयार होते, ही जाणीव व्यवसायाने स्वीकारल्याची ती खूण होती.

बासची आणि अमूर्त चित्रपटांचे प्रयोग करणाऱ्या जॉन व्हिटनीची भेट हिचकॉकच्या १९५८ च्या ‘व्हर्टिगो’मध्ये झाली आणि या इतिहासातील सगळे धागे एका गाठीत आले. स्त्रीच्या चेहऱ्याच्या भागांवरून, ओठांवरून आणि अस्वस्थपणे हलणाऱ्या डोळ्यांवरून कॅमेरा सरकत एका डोळ्यावर येऊन ठेपतो, पडदा लाल होतो आणि बुबुळाच्या गर्भातून चित्रपटाचे नाव पुढे येते. त्यानंतर काळ्या अवकाशात रंगीत सर्पिल आकृती एकामागून एक जन्मतात, सावकाश फिरतात आणि मावळतात. संगीतकार बर्नार्ड हरमनचे वर-खाली हेलकावणारे स्वर त्यांना साथ देतात. आणि अखेरीस पुन्हा त्याच डोळ्यातून दिग्दर्शकाचे नाव बाहेर पडते. उंचीच्या भयाने येणारी भोवळ, ध्यास आणि पुन्हा पुन्हा त्याच चक्रात सापडणे हा चित्रपटाचा आशय एकही पात्र बोलण्यापूर्वी प्रेक्षकाच्या अंगात भिनतो.

व्हिटनीने या आकृतींसाठी लिसाजूच्या वक्ररेषांचा आधार घेतला होता. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ झ्यूल आंत्वान लिसाजू याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेषा, एकच बिंदू परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी एकाच वेळी आंदोलन करू लागला की तयार होतात. दोन आंदोलनांच्या वेगांचे प्रमाण बदलले की आकृती बदलते. संगीतातील स्वरांचे नातेही कंपनांच्या प्रमाणावरच उभे असते, त्यामुळे डोळ्यांसाठी संगीत रचू पाहणाऱ्या व्हिटनीला या रेषांत आपले व्याकरण सापडले. १९१७ मध्ये जन्मलेल्या व्हिटनीने १९४० च्या दशकात धाकटा भाऊ जेम्स याच्यासह अमूर्त चित्रपटांचे प्रयोग केले होते आणि त्यांसाठी लोलकांच्या आंदोलनांतून थेट ध्वनिपट्टी कोरण्याची युक्तीही शोधली होती.

महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या सामानातून व्हिटनीने विमानविरोधी तोफांचे नेमयंत्र मिळवले. उडत्या विमानाचा वेग, उंची आणि दिशा यांवरून तोफ नेमकी कोठे रोखावी, हे दंतचक्रे आणि फिरत्या धुऱ्या यांच्या साहाय्याने गणणारे ते अ‍ॅनालॉग संगणकयंत्र होते, म्हणजे त्यात आकडे चक्रांच्या फिरण्यातून व्यक्त होत. व्हिटनीने त्या गतीला तोफेऐवजी चित्रफलक आणि कॅमेरा जोडले. अचूक संहारासाठी घडवलेली चक्रे आता तितक्याच अचूकपणे आकृती फिरवू लागली. १९६० मध्ये त्याने स्थापलेल्या कंपनीचे नाव ‘मोशन ग्राफिक्स इनकॉर्पोरेटेड’ असे होते, आणि आज जगभर रूढ झालेली संज्ञा त्या नावामुळे प्रचारात आली. या यंत्रावर काढलेल्या नमुन्यांचे संकलन त्याने १९६१ मध्ये ‘कॅटलॉग’ या लघुपटात केले. जेम्सची वाट अधिक ध्यानमग्न होती. भारतीय आध्यात्मिक परंपरेत रस असलेल्या त्याने कागदी पत्रांवर सुईने असंख्य छिद्रे पाडून, त्यांतून उमटणाऱ्या ठिपक्यांच्या साहाय्याने ‘यंत्र’ हा लघुपट काही वर्षे खपून १९५७ मध्ये पूर्ण केला. १९६६ च्या ‘लॅपिस’मध्ये भावाच्या यंत्राची मदत घेऊन त्याने ठिपक्यांची मंडले रचली आणि त्यांना रविशंकरांच्या सतारीची जोड दिली.

व्हिटनीच्या प्रयोगांतून पुढे आलेल्या स्लिट-स्कॅन या तंत्राने १९६८ मध्ये ‘२००१: अ स्पेस ओडिसी’चा उत्कर्षबिंदू घडवला. काळ्या फलकात एक बारीक चीर ठेवायची, तिच्यामागे प्रकाशित चित्र सरकवत न्यायचे आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून कॅमेरा त्या चिरेच्या दिशेने पुढे न्यायचा, अशी ती रीत आहे. एकाच चौकटीवर चिरेतून आलेला प्रकाश जवळून दूरपर्यंत ताणला जातो आणि सपाट चित्रातून प्रकाशाचा अथांग बोगदा तयार होतो. डग्लस ट्रंबल याने हे तंत्र स्टॅन्ली क्युब्रिकच्या चित्रपटासाठी पूर्णत्वास नेले, आणि अंतराळवीराच्या प्रवासाच्या निमित्ताने शुद्ध अमूर्त चित्रकला कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोचली.

याच काळात मुंबईत या कलेची एक स्वतंत्र शाखा बहरत होती. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये अ‍ॅनिमेशनचा विभाग सुरू केला, तेव्हा डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेला क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आला, आणि त्याच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. १९६० च्या दशकात जहांगीर भावनगरी यांच्या प्रोत्साहनामुळे या सरकारी संस्थेत प्रयोगाला विलक्षण मोकळीक मिळाली. मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला १९६७ मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. प्रागमध्ये यिरी त्र्न्का याच्याकडे शिकून आलेले प्रमोद पती यांनी १९६८ मध्ये ‘एक्सप्लोरर’ हा लघुपट केला, ज्यात तरुणाईचे नृत्य, विज्ञानाची साधने, धार्मिक चिन्हे आणि ग्राफिक आकृती काही चौकटींपुरत्या चमकून जातात आणि विजय राघव राव यांची ध्वनिरचना त्यांना एका स्पंदनात बांधते. १९७२ च्या ‘आबिद’मध्ये त्यांनी चित्रकार आबिद सुरती यांच्यावर पिक्सिलेशन हे तंत्र वापरले. या तंत्रात जिवंत माणसाचे बाहुलीप्रमाणे एकेका चौकटीत चित्रण करतात. त्यामुळे चित्रकार स्वतःच आपल्या रंगवलेल्या खोलीतील आकृती होऊन जातो. वृत्तपट आणि माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना तेव्हा सक्तीचे होते, आणि ज्या संस्थेकडून ते येत तिच्याच चार भिंतींत एवढी धाडसी दृश्यभाषा घडत होती, ही भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील अभिमानाची बाब आहे.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू पाठ्यवृत्तीच्या आधारे १९६९ च्या सुमारास मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले, ज्यात चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकर्ते एकत्र काम करत आणि तरुण नलिनी मलानी यांनाही तेथे वाव मिळाला. पदमसींनी राम मोहन यांच्या साहाय्याने सुमारे हजार रेखाटनांतून ‘सिझिजी’ हा मूक लघुपट सिद्ध केला. त्यात बिंदू आणि रेषा ठरावीक गणिती नियमांनी जोडल्या जाऊन भूमितीची एक वाढत जाणारी सृष्टी उभी राहते. संगणकाचा स्पर्शही नसलेल्या या कृतीत नियम आधी आणि आकृती त्यातून, हे आजच्या संगणकीय कलेचे तत्त्व संपूर्णपणे आढळते.

अंकीय युग सुरू झाल्यावर या कल्पना लोपल्या नाहीत, त्यांनी नवे साधन घेतले. व्हिटनी आयबीएमच्या संगणकावर ‘परम्युटेशन्स’ हा लघुपट करत होता तो १९६८ चाच काळ होता. त्याच्यासमवेत ‘अ‍ॅरबेस्क’ या लघुपटावर काम करणाऱ्या लॅरी क्यूबाने १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी संगणकाने रेखाटलेली दृश्ये केली. उलटपक्षी, संगणक सर्वत्र पोचल्यावर १९९५ मध्ये ‘सेव्हन’ या चित्रपटाची नामावली करताना काइल कूपरने अक्षरे हाताने ओरखडून काढली, कारण चित्रपटातील गुन्हेगाराच्या मनाची थरथर हाताच्या ओरखड्यातच उतरणार होती. साधन बदलले तरी कोणत्या भावनेला कोणती गती साजते, हा निर्णय प्रत्येक काळात माणसाच्या डोळ्यानेच घेतला.

या साऱ्या वाटचालीत काय टिकले आणि काय हरवले याचा विचार दोन उदाहरणांच्या तुलनेने स्पष्ट होतो. ‘देस्तिनो’ची रेखाटने स्टुडिओच्या संग्रहात जपलेली असल्यामुळे रॉय ई. डिस्नेच्या पुढाकाराने डिस्नेच्या पॅरिसमधील कलावंतांनी ती हाती घेतली, जॉन हेंचचे मार्गदर्शन मिळवले, हाताचे काम आणि संगणक यांची सांगड घातली आणि २००३ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर, तो लघुपट पूर्ण केला. १९४६ ची कासवांची चाचणीफीतही त्यात सामावली गेली. याउलट पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या लघुपटाची एकमेव प्रत हरवली, आणि २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांना त्या चित्रपटाच्या आठवणीवरच नवा लघुपट उभारावा लागला. दोन्ही ठिकाणी कल्पना तितकीच समर्थ होती. फरक पडला तो संग्रहामुळे. संगणकावरील आजची कलाकृती तर फितीहूनही नाजूक आहे, कारण जी प्रणाली ती उघडते तीच काही वर्षांत कालबाह्य होते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा वारसा आहे. या दोन शहरांतील अभ्यासकांनी, कलाशाळांनी आणि संग्राहकांनी गतिमान आकृतींच्या या परंपरेची रेखाटने, चाचण्या, फिती आणि संगणकीय मूळ प्रती यांचे पद्धतशीर जतन हे आपले काम मानले पाहिजे, कारण पुढच्या पिढीच्या हाती जे नवे यंत्र येईल त्याला देण्याजोगी कल्पना तिला याच संग्रहांतून मिळणार आहे.